टिरिकचं जेवण

टपालकचेरी बंद झाली तेव्हा घरी आणलेल्या काट्यावर
ऑस्ला मेंढीची मान तोलते.
दोनशे ग्रॅम. वर बोटभर कलेजी.
उन्स्ट बेटावर आज वारा असा,
की दार पाठ लावून मिटावं लागतं.

टिरिक बसलीय. म्हणजे,
शेपटीचं टोक सोडून बाकीची बसलीय.
गुडघ्याएवढीही नाही,
पण सकाळपासून टेकडी तीनदा उतरून आली;
पोटाखालच्या केसांतून अजून काळं पाणी ठिबकतंय.

डॉक्टरनं पाकिटातले दाणे सुचवले होते.
ते कोंबड्यांना फार आवडले.

वाडगं खाली ठेवताना ऑस्लाला आठवतो
लोकरीवरचा निळा ठिपका.
हीच ती.
गेल्या मंगळवारी टिरिकनं फाटकात घातली,
दात न लावता, नुसत्या नजरेनं,
इतक्या अदबीनं
की तिनं चालता चालता गवताचा एक घासही घेतला.

कडकन हाड मोडतं.
ऑस्ला काटा पुसते.
पुसलेला काटा पुन्हा पुसते.

मागं फरशीवर काहीतरी घासत येतं,
बुटाला टेकून थांबतं:
वाडगं, चाटून लख्ख,
नाकानं हाकत आणलेलं.

आणि वाडग्यापलीकडून
तीच नजर.