पस्तीसच्या वर

महबूलातला जानेवारी
बोटांच्या पेरांत सुया घालतो.
खोलीत सिलिंडर ठेवायचं नाही,
असा कंपनीचा कागद दारावर.
म्हणून शरफुद्दीन परकारनं
रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली
आणि आमची शेगडी झाली.

कोळसा कोपऱ्यावरच्या बकाल्यात मिळतो,
उधारीवरही.
पायाखाली म्हणे तेलच तेल,
आणि क्षितिजावर रिफायनरीची ती ज्योत
रात्रंदिवस जळते,
तिच्यावर कुणाची भाकरी भाजत नाही.

खिडकीच्या फटीत सेल्वमची जुनी लुंगी कोंबलेली.

त्या रात्री मी छातीवरचं यंत्र
स्टोअरला परत द्यायला विसरलो.
पिवळं, मुठीएवढं;
टाकीत उतरताना
माझ्या आधी तेच श्वास घेतं.

सुका बांगडा निखाऱ्यावर उलटायला
आणि ते किंचाळायला एकच गाठ.
'फोन घे रे,' शरफुद्दीन म्हणाला.
फोन नव्हता.
एक्केचाळीस.
मग त्रेपन्न.

प्लांटवर पस्तीसला भोंगा होतो.
माणसं हातातला पाना टाकून
वाऱ्याला सामोरी पळतात,
मैदानात उभी राहतात,
नाव घेऊन एकेक मोजली जातात.
इथं आम्ही पाच जण
आणि तव्यावर पाचवी भाकरी.

तेव्हा उमगलं सकाळचं ते डोकं,
जे आम्ही इतके दिवस
कधी उन्हाच्या, कधी घरच्या फोनच्या
खात्यावर मांडत आलो.
आणि आई आठवली,
फुंकणीला ओठ लावून बसलेली.
तिच्या छातीवर
कुणी काही लावलं नव्हतं.

सेल्वमनं लुंगी ओढून काढली.
थंडी आत आली, तिच्या मागून
ज्योतीचा तो कुजकट वास.
आकडा नऊपर्यंत उतरला.
शून्यावर काही आला नाही.

सकाळी स्टोअरवाल्यानं यंत्र तारेला जोडलं,
भुवया वर केल्या,
रात्रीचे आकडे पुसून टाकले.
'हे प्लांटचे नाहीत,' म्हणाला.
खोटं नव्हतं ते.

आता कानटोप्या घालून जेवतो,
खिडकी चार बोटं उघडी.
नवा कोळसा टाकताना शरफुद्दीन
तोंडानंच 'पीं पीं' करतो.
आम्ही हसतो.
टेकबहादूर, सगळ्यांत लहान,
हसता हसता उठतो
आणि खिडकी आणखी दोन बोटं सरकवतो.