सात पावलं

बसून खाल्लं नाहीत कधी,
बसूनच कमावलंत.
हर्णैच्या पुळणीवर चाळीस वर्षं,
फाटक्या जाळ्यांपुढे मांडी घालून.

आता डावा हात मांडीवर, भिजल्या दोरासारखा,
आणि दापोलीची ती फिजिओ पोरगी म्हणते,
काकांना बसवून ठेवू नका,
अर्ध्या तासाने उठवा.

मी चहा चुलीपाशीच ठेवते.
‘हातात दे,’ म्हणता.
देत नाही.
सात पावलं. भिंत धरून.
शेजारची फरीदा म्हणते, दगड आहेस गो.

काल पाचव्यालाच थांबलात.
चहा निवला.
परत गरम केला,
तिथेच.

आज कप रिकामा करून
वाकड्या तोंडाने म्हणालात, ‘जाळं आण.’

अंगणात आहे, म्हटलं.
या.