शेरा

मठच्या काजू कारखान्यात
एकोणीस वर्षं मी हजेरी मांडली.
निळ्या शाईत हजर, तांबड्या शाईत खाडा,
आणि समासात, पेन्सिलीने,
जे कुणी विचारलं नव्हतं ते:
साकव पाण्याखाली, उभादांड्याच्या तिघी उशिरा.
आज बी चिवट.
इनासमावशीचा मुलगा जहाजावर गेला, ती गप्प.

मग पुण्याहून यंत्र आलं.
दाराशी, बँकेच्या कॅलेंडरखाली ठोकलं,
शार्दूलबाबूंनी नारळ फोडला
आणि एकेक अंगठा काचेवर टेकू लागला.
हिरवा दिवा. हिरवा दिवा.
सत्यवती आरोलकरचा तांबडा.

पुन्हा. तांबडा.
पदराला पुसून, राख झटकून, खोबरेल चोळून, तांबडा.
तीस वर्षं काजूचा चीक बोटं खात आला होता,
आधी कातडी, मग रेषा.
"रेषा रवल्योच नायत," ती म्हणाली,
"ता तरी काय वाचतला?"

तीन दिवस पडद्यावर ती गैरहजर होती,
आणि काट्यावर त्याच गैरहजर बाईने
एक्याऐंशी किलो बी फोडली होती.
पडदा म्हणाला, दोन्ही नोंदी खऱ्या असू शकत नाहीत.
एवढं मी एकोणीस वर्षांत
कुणाला तोंडावर बोललो नव्हतो.

शेवटी सापडली डाव्या हाताची करंगळी.
ती बीला लागत नाही, पात्याला लागत नाही,
बाजूला उभी असते पाहुण्यासारखी.
हिरवा दिवा.
तेव्हापासून ज्या बोटाने कधी काम केलं नाही
त्या बोटाने सत्यवती कामावर येते.

पुढे प्रत्येक बाकापाशी पडदा.
मिनिटाला किती, काल किती, शेजारणीपेक्षा किती.
पूर्वी एकीने नुसतं म्हणावं, गो, रेडीचो माल ओलो हा,
आणि पन्नास हात आपोआप हलके व्हावेत.
आता प्रत्येक हात आपापल्या आकड्याकडे बघतो.
वेग वाढला. पाकळी वाढली, कणी वाढली.
आख्खा गर, तीनशेवीसचा, कमी कमी होत गेला.
शार्दूलबाबू रात्री उशिरापर्यंत आलेख बघत बसत.
आलेख चढत होता, डबे भरत नव्हते.

मीच म्हटलं, भीत भीत,
जुन्या वहीला समास होता.

तर पडद्यावर एक चौकोन आला. वर नाव: शेरा.
आठवडाभर कोरा.
एकदा कुणीतरी 'पंखो बंद', बस्स.
मग एका दुपारी सत्यवती टेबलाशी आली,
हाताला राख तशीच. म्हणाली, लिही.
"उकडल्यार लगेच फोडू नको. एक रात निजांदे तिका
गोणपाटार, सकाळी फोड, गर आख्खो सुटता,
माझी आवस शिरोड्याक असाच करी..."
'निजांदे त'वर चाळीस अक्षरं संपली.
गोणपाट, सकाळ आणि तिची आई
चौकोनाबाहेर राहिली. ती मी तोंडी सांगितली.

एक टोपली निजवून बघितली. मग सगळा लॉट.
वर्षअखेरच्या अहवालात ती
'प्रक्रिया सुधारणा क्रमांक एक' झाली,
खाली नाव शार्दूलबाबूंचं.
खोटं म्हणणार नाही मी:
चौकोन त्यांनी मागवला, आणि रात्रभर माल अडकवायचा
तर छातीही त्यांचीच लागली.
फक्त त्या अहवालाला समास नव्हता.
पेन्सिल खिशात होती, काढली,
परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन लावला,
शेरा जरा मोठा करून द्या.
तिकडचा मुलगा सभ्य होता.
किती अक्षरं हवीत, काका?
फोनवर हात ठेवून मी विचारलं.
सुटायची वेळ. सत्यवती रांगेत उभी,
करंगळी पदराला पुसत.
"अक्षरां मोजून कोण बोलता रे?"

मी मुलाला म्हटलं, जरा धरून ठेव,
तिचं अजून संपलेलं नाही.