उजवी बाही

पेट्या आल्या त्या दिवशी गल्लीला वाटलं, कुणाकडं तरी फ्रिज आला.
जिलानी वेल्डरनं खिळे उपटले,
आतला पत्रा दोन बोटांवर तोलला, म्हणाला,
"विश्वंभरभाऊ, एवढ्या पातळ पत्र्याचा
आम्ही डबा बी करत नाही."

जालन्यात सगळं जड असतं.
सळया, भट्ट्या, ट्रकांचे पाटे,
लोकांचं बोलणंसुद्धा.
एकतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये
लाल लोखंड चिमट्यानं ओढलेला माणूस
रिटायर झाल्यावर ग्रॅममध्ये बोलू लागला.

शिलाईचं दुकान पुढं, पंख मागं.
मधल्या पडद्याआडून हाक यायची,
"कुशा, हात मोकळा हाय का?"
माझा हात बारीक,
बरगडीच्या भोकातून कोपरापर्यंत आत जातो.
मी आतून ठोकळा दाबून धरायचा,
त्यानं बाहेरून रिव्हेट मारायचं.
पत्र्याच्या अलीकडं तो, पलीकडं माझा हात.
"धर." "धरलं." "ठोकू?" "ठोका."
अठ्ठावीस वर्षांच्या संसारात
एवढं नेमकं आम्ही कधी बोललो नव्हतो.

रिव्हेटच्या आधी तो भोकाभोकात
स्प्रिंगचे चिमटे लावायचा.
मी म्हटलं, हे तर कच्चे टाके.
म्हणाला, बरोबर. नंतर उसवायचे.

मे महिन्यात पत्रा तापून ताणायचा,
सकाळी जुळलेली भोकं दुपारी केसभर सरकायची.
म्हणून पहाटे चारला उठून आम्ही शिवायचो.
(तो ठोकायचो म्हणतो.)
समोरच्या कलावतीबाईंनी विचारलं,
तुमच्या घरात पहाटे दात कोण वाजवतंय?

चूक सापडली पोळ्याच्या आदल्या दिवशी.
डावा पंख पुरा झालेला.
उजव्याच्या बरगड्या मी हातात घेतल्या,
फिरवल्या, परत फिरवल्या.
"अहो, ह्या बी डाव्याच."
सात बरगड्या, एकशे अठ्ठावन्न भोकं,
एकेकाची कड घासून गुळगुळीत केलेली.
नकाशा उलटासुलटा करत तो बसला.
मग खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला.
पुरण तसंच राहिलं.

ही चूक माझ्या ओळखीची.
शिकत होते तेव्हा एका नवरीच्या झंपराच्या
दोन्ही बाह्या मी एकाच हाताच्या बेतल्या,
आणि वऱ्हाड दारात.
मास्तरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या,
कापडाचं तोंड तोंडाला लावून कापावं, पोरी.
बाह्या एकमेकींकडं बघत असल्या की चुकत नाहीत.

रात्री त्याला हे सांगितलं.
बराच वेळानं तो भिंतीला म्हणाला,
"मग नवरीनं काय घातलं?"
"शाल पांघरून उभी राहिली."
हसला का, कळलं नाही.
खाट हलली.

नव्या बरगड्या यायला चार महिने लागले,
आणि माझी भिशी.
तेवढ्यात डावा पंख तपासून घेतला.
मांजरपाटाच्या साठ पिशव्या मी शिवल्या,
दुधनेची वाळू चाळून भरली,
पंख उलटा बांधून त्याच्या पाठीवर रचली.
टोक वीतभर वाकलं.
जिलानीनं डोळे मिटून घेतले.
पिशव्या उतरवल्या तशी टोक
हळूहळू आपल्या जागी आलं,
आणि तिघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

उडेल का, विचारू नका.
दिल्लीचे कागद अजून यायचेत,
आणि मागच्या दारातून पंख बाहेर कसा काढायचा
हे आम्ही मोजलेलंच नाही.

उजव्याचा शेवटचा पत्रा मिटायच्या आधी
त्यानं टॉर्च मारून आत बघितलं,
चिमटा, कीस, काही राहिलं का.
एका बरगडीवर माझ्या निळ्या खडूची खूण होती.
उ. बा.
"हे काय?"
"उजवी बाही."
पुसायला त्यानं फडकं उचललं,
थोडा वेळ हातातच धरलं.
"वजन किती असंल ह्याचं?" म्हणाला,
फडकं खांद्यावर टाकलं,
"धर."