लादी

मालीमच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्यात
एकवीस वर्षं मी लाद्या ओढतो.
आकडा, गोणपाट, रबरी बूट
आणि अमोनियाचा वास,
जो रविवारीही मिशीतून जात नाही.

आत शिरलं की आधी बोटं फितूर होतात.
रक्त त्यांना सोडून पोटाकडे पळतं,
पूर आल्यावर गाव देवळाच्या चौकात जमावं तसं.
पण मधूनच, पाव तासाने, बोटं लाल होतात,
रक्त चौकशीला येऊन जातं: आहात ना रे?
एतवा ओरांव नवा होता, हात बघून घाबरला.
म्हटलं, थंडीत दुखत नाही,
ऊब परत येते तेव्हा दुखतं.
सांतान म्हणाला, लग्नाचंही तसंच.

ओढताना अंग तापतं, शर्ट आतून भिजतो.
थांबलो की तोच घाम पाठीवर उलटतो.
म्हणून थांबत नाही.
तहान लागत नाही, लघवी मात्र सारखी,
आणि जो श्वास दिसतो
तेही पाणीच, अंगातून निघालेलं.

माझी मैथिली पाच हजार मीटर धावते.
आग्नेल सर सांगतात ते वहीत लिहून घेते.
‘उन्हात रक्ताला दोन मालक: पाय आणि कातडी.’
खाली तिने स्वतःचं घातलंय: ‘काळीज एकच.’
‘कांपालच्या हवेत घाम गळतो, वाळत नाही.
गळलेला फुकट गेला.’
‘उन्हात रोज धावलं तर दहा-बारा दिवसांत
घाम लवकर सुटतो, आणि कमी खारट.
अंग मीठ राखायला शिकतं.’
हे मला पटलं नव्हतं.
मग तिची आई जर्सी धुताना म्हणाली,
पाठीवरचे पांढरे डाग गेले की हो यंदा.

पण मध्ये ताप आला. आठ दिवस अंथरुणात
अंग शिकलेलं विसरलं बहुतेक.
उठून चौथ्या दिवशी शर्यत.
सहाची होती, पाहुण्यांसाठी खोळंबली,
सुटली साडेनऊला. मे महिना.

शेवटच्या फेरीत तिच्या दंडावर काटा आला.
भर उन्हात.
काटा मी रोज बघतो, माझ्या हातावर, सांतानच्या मानेवर,
पण तो थंडीचा. हा कुठून आला?
वळणावर ती वळली नाही,
सरळ मांडवात शिरली, खुर्च्यांत.
सरांनी नाव विचारलं,
तिने माझं सांगितलं.

स्कूटरवर चुऱ्याची गोणी होती, सरबतासाठी आणलेली.
कोणीतरी मासळीचा निळा टब ओढत आणला.
पाणी, गोणी, आणि माझी पोर, गळ्यापर्यंत.
एक बाई म्हणाल्या, एकदम गार नको हो, धक्का बसेल.
सर ओरडले, ढवळा!
मी ढवळलं.
कोपरापर्यंत हात घालून, तिच्या पाठीमागून, काखेखालून.
तापलेल्या अंगाशी पाणी लगेच कोमट होत होतं,
मी ते हटवून नवं गार पुढे ढकलत होतो.
एवढं एकच काम मला येतं.
किती वेळ, ठाऊक नाही. ॲम्बुलन्स पुलावर अडकली होती.

मग तिचे दात वाजले.
आधी हळू, मग कडाकडा, कारखान्यातल्या नव्या पोरासारखे.
सर म्हणाले, बस्स, आता काढा.
आणि ती म्हणाली,
बाबा, बांगड्याचा वास येतोय.

टॉवेल कोणाचा होता कोण जाणे.
मी पायरीवर बसलो, हात उन्हात धरून.
बोटं पांढरी होती, मग जांभळी,
मग हळूहळू
दुखायला लागली.