अनुभवाचा रकाना

रात्री अडीच वाजता
सिडकोतल्या वीस खाटांच्या दवाखान्यात
सलाईनचे थेंब मोजून झाले की मी मोबाईल काढते.
त्यात ऑनलाइन पदवी:
घरबसल्या, सवडीने, हप्त्याने.
आणि पर्समध्ये चौघडी घातलेला
आडगावकडच्या कॉलेजचा कागदी फॉर्म,
डब्यातल्या मेथीचा तेलकट डाग पडलेला.

दोन वर्षं. दोन्हीकडे दोनच.
इकडे पगार चालू राहतो,
गार्गीची रिक्षा, फ्लॅटचे हप्ते
(ह्यांची अंबडची कंपनी दिवाळीआधीच बंद पडली).
तिकडे सकाळी आठची हजेरी, पांढरे बूट,
आणि माझ्याहून बारा वर्षांनी लहान मुलींच्या शेजारी बाक.

हेल्पलाइनवरच्या मुलाला विचारलं,
काउन्सिलची मान्यता आहे ना?
म्हणाला, मॅडम, प्रोसेसमध्ये आहे.
प्रोसेसमध्ये तर आमचा सात नंबरही आहे,
परवापासून, डिस्चार्जच्या.

नमुन्याचा व्हिडिओ पाहिला.
नखं रंगवलेले हात संत्र्यात सुई टोचत होते.
संत्रं हात मागे घेत नाही,
आई गं म्हणत नाही,
त्याची शीर तापात आत दडून बसत नाही.
मध्येच चित्र अडकलं, गोल गोल फिरत राहिलं,
सुई तशीच अधांतरी.

शरणपूरच्या एस्तेर भांबळ सिस्टर,
निवृत्तीला चार महिने उरलेल्या,
नातवाचा स्वेटर विणत म्हणाल्या,
"हात तर तुझा शिकलेलाच आहे, बाई.
तुला आणायचाय तो कागद.
मग जवळच्या दुकानातून घे की."

पटलं. अगदी पटलं.

तेवढ्यात चार नंबरची बेल.
सातपूरला मशीनवर काम करणारा पोरगा, डेंगी,
दोन्ही हात सुजलेले, शीर सापडेना.
मी बघणं सोडलं, नुसती दोन बोटं फिरवली.
मनगटाच्या वर, अंगठ्याच्या अंगाला
भिजल्या सुतळीसारखी ती किंचित उसळली.
सुई गेली. रक्त दिसलं. पोरगा झोपला.
त्याच्या आईने विचारलं, प्लेटलेट का हो उतरतात?
आणि मी म्हणाले, डॉक्टर सकाळी सांगतील.

नऊ वर्षं म्हणतेय हे वाक्य.

उत्तर व्हिडिओतही असेल, नाही कशाला म्हणू.
पण मला हात वर करून विचारायचंय,
चुकीचा प्रश्न, सगळ्या वर्गासमोर,
आणि कुणीतरी खडू खाली ठेवून म्हणावं,
थांब, परत सांगते.
आणि खरं सांगायचं तर मला दिवस हवाय.
दुपारी बाराचं नाशिक कसं दिसतं
ते मला नीट माहीत नाही.
तेव्हा मी पडद्याला पिना लावून झोपलेली असते.

भांबळ सिस्टर टाके मोजत होत्या.
मी त्यांच्याकडे न बघता फॉर्म उलगडला.
नाव. जन्मतारीख. वडिलांचं की पतीचं, ते गोल करा.
अनुभव: पुढे दोनच चौकोन.
शून्य. नऊ.

सहीची जागा सोडली.
ह्यांना हप्त्यांचं अजून सांगायचंय.
साडेपाचला सगळ्यांचे ताप घ्यायचे होते,
तर उठले.