चौकट चौतीस

गाणं तीन मिनिटं बारा सेकंदांचं.
म्हणजे एकशे ब्याण्णव सेकंद,
म्हणजे माझ्या वहीत एकसष्ट चौकटी,
म्हणजे तीन रात्री,
आणि नेरूळ स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे
स्कॅनिंगचे एकशे बावीस रुपये,
जे मला अजून कोणी दिलेले नाहीत.

माझी माणसं काड्यांची.
डोकं म्हणजे गोल, नाक नाही.
सुयोग कोणता ते कळावं म्हणून
एका गोलावर तीन केस उभे काढले.
इकरा म्हणाली, माझ्या ओढणीला वारा दे.
दिला. कागदावर वारा फुकट.
क्रेनही फुकट.
पाम बीच रस्ता रिकामा करायला
कोणत्याच चौकीत अर्ज द्यावा लागला नाही,
आणि खाडीतले रोहित पक्षी
पहिल्या थापेला बरोब्बर उडाले
(भावेशच्या मते ती बदकं आहेत).

लॅपटॉपवर चौकटी एकामागे एक लावल्या,
खाली गाणं ठेवलं
आणि काड्या चालायला लागल्या.
लंगडत. दिवाळे गावाच्या जेट्टीजवळ
ओहोटीच्या चिखलातून कोणी यावं तशा.
भावेश आधी खूप हसला,
मग त्याने आवाज वाढवायला सांगितलं.

कोपरखैरण्यात, सुयोगच्या घरी,
दुपारी दोनला त्याचे वडील मार्केटमधून आले.
पाय धुतले, चहा घेतला,
आमच्यामागे उभे राहून बघू लागले.
गाणं कोणावर आहे
हे सुयोगने घरात सांगितलं नव्हतं.

चौतिसाव्या चौकटीला म्हणाले, थांबव.
ह्यो कोण?
सुयोग काही बोलला नाही.
पाठीवर काय हाय ह्याच्या?
गोणी, मी म्हटलं. कांद्याची.
किती किलोची?

मी गोणी काढली होती,
वजन काढलं नव्हतं.

पन्नास किलो घेऊन मानूस असा उभा ऱ्हातो व्हय?
ह्यो तर उशी घेऊन निजायला निघालाय.

कप फ्रिजवर ठेवून
कॉट आणि दाराच्या मधल्या जागेत
ते उभे राहिले, आणि वाकले.
पाठीवर काहीच नव्हतं.
तरी गुडघे आधी बाहेर गेले,
मान पुढे आली, एक हात मागे वळून
नसलेल्या गोणीचा कान धरून राहिला.
नजर खाली, पायांपुढे दोन हात.
म्होरं कोन बगत न्हाई, म्हणाले,
पाय कुटं पडतोय त्येवडंच बगायचं.
काढ आता.

ती चौकट फक्त चार सेकंदांची आहे.
ते त्याहून खूप जास्त वेळ तसेच राहिले,
कारण माझी पेन्सिल पाठीपाशी अडत होती
आणि मी खोडत होते, पुन्हा खोडत होते.
इकराने वही धरून ठेवली.
सुयोग फ्रिजवरच्या कपाकडे बघत बसला होता.

शूटिंगला याल का, भावेशने विचारलं.
न्हाई, ते म्हणाले, सरळ होत, कंबरेवर हात ठेवून.
ह्यो हाय की.
आणि झोपायला गेले,
रात्री पुन्हा गाडी उतरवायची होती.

आता यादी भिंतीवर आहे.
क्रेन गेली, तिथे इकराच्या मामाचा टेम्पो आला.
पाम बीच गेला, भावेशच्या इमारतीची गच्ची आली,
तीही सेक्रेटरी नऊपर्यंतच देणार आहेत.
बदकं गेली.
साठ चौकटींपुढे तारखा आहेत.
चौतीसपुढे सुयोगने लिहिलंय:
शूट नाही. चित्रच ठेवायचं.

चित्र फार चांगलं आलेलं नाही.
खोडलेली सरळ पाठ
नव्या पाठीमागून अजून पुसट दिसते,
जणू कोणी काही वेळापूर्वी तिथे ताठ उभं होतं.
मी ते साफ करणार होते. नको, सुयोग म्हणाला.

परत झेरॉक्सवाल्याकडे गेलो.
एकच पान. दोन रुपये.
हे त्याने दिले.